ब्रेकतुणे: चौंडक्याच्या तत्त्वावर घरी बांधलेले एक वाद्य

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन आलेल्या बेळगावकडच्या माणसाला चौंडके वेगळे समजावून सांगावे लागत नाही. लाकडाचा पोकळ नळा, त्याच्या एका तोंडावर मढवलेले चामडे, चामड्याच्या मध्यातून निघून नळ्याच्या पोकळीतून वर येणारी एकच तात आणि तिच्या टोकाला मुठीत मावेल एवढा लाकडी गोटा, इतकाच त्याचा संसार. वाजवणारा नळा डाव्या काखेत दाबून धरतो, गोटा डाव्या मुठीत घेतो, उजव्या हाताने तात छेडतो आणि मूठ ताणून किंवा सैल करून स्वर चढवतो-उतरवतो. तुणतुण्याची बांधणी जवळजवळ अशीच असते. मात्र त्यात नळ्याच्या बाजूला काठी बसवलेली असते, तार त्या काठीवरच्या खुंटीला गुंडाळलेली असते आणि त्यामुळे एकदा लावलेला स्वर तसाच राहतो. गोंधळात आणि पोवाड्यात तुणतुणे स्वर धरून ठेवते, तर चौंडके गाणाऱ्याच्या आवाजामागून घसरत, हुंकारत जाते.

मला या दोहोंच्या मधले एक वाद्य हवे होते. चौंडक्याप्रमाणे त्याचा स्वर ताणाने बदलावा, परंतु तो ताण एखाद्या यंत्रणेतून यावा, म्हणजे सा पासून वरच्या सा पर्यंतचे पूर्ण सप्तक दर वेळी त्याच जागी सापडेल आणि त्यावर एखादी साधी चीज वाजवता येईल. माझी नोकरी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात, डाय बनवण्याच्या विभागात आहे. त्यामुळे लेथ, ड्रिल आणि कानस यांची सवय होती. संगीताचे शिक्षण म्हणावे तर लहानपणी पेटीवर शिकलेले अलंकार, एवढेच. पहिला आराखडा सायकलच्या ब्रेकवर बेतलेला होता, म्हणून घरातल्या मुलांनी त्याला ‘ब्रेकतुणे’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे ब्रेक निघून गेला तरी नाव तेच राहिले.

आराखड्याचा पाया म्हणजे तारेचा ताण आणि स्वर यांचा संबंध. मेर्सेन या फ्रेंच पाद्र्याने 1636 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा नियम मांडला आहे: तारेची लांबी आणि जाडी तीच ठेवली, तर कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे स्वर एक सप्तक वर न्यायचा असेल, तर कंपनसंख्या दुप्पट व्हावी लागते आणि त्यासाठी ताण चौपट करावा लागतो. मी 0.40 मिलिमीटर जाडीची पोलादी तार घेतली, तिची वाजणारी लांबी 60 सेंटिमीटर ठेवली आणि खालचा सा पांढरी दोनचा, म्हणजे सुमारे 147 हर्ट्झचा धरला. या तारेचे वजन मीटरला जवळजवळ एक ग्रॅम भरते. हिशेब केला की खालच्या सा साठी सुमारे 3.1 किलोचा आणि वरच्या सा साठी सुमारे 12.5 किलोचा ताण लागतो. चांगल्या प्रतीची पोलादी तार याच्या दुपटीहून अधिक ताण सहन करते, त्यामुळे ती तुटण्याची भीती फारशी नव्हती. (तरीही तार ताणताना डोळ्यांवर चष्मा असावा. गाठीपाशी तुटलेली तार कुठे जाईल ते सांगता येत नाही.)

खरी अडचण त्यापुढच्या आकड्यात होती. 3.1 किलोपासून 12.5 किलोपर्यंत ताण वाढवला, तर ही पोलादी तार किती लांबते? उत्तर येते 2.2 मिलिमीटर. संपूर्ण सप्तक सव्वादोन मिलिमीटरच्या आत बसवायचे, म्हणजे एका अर्ध्या स्वराच्या वाट्याला सरासरीने 0.2 मिलिमीटरसुद्धा येत नाही. माणसाचा हात इतक्या बारीक अंतरावर स्थिर राहत नाही. हाच हिशेब 0.8 मिलिमीटर जाडीच्या नायलॉनच्या तारेसाठी केला, तेव्हा तेच सप्तक सुमारे 21 मिलिमीटरमध्ये पसरले, कारण नायलॉन पोलादापेक्षा कितीतरी अधिक ताणले जाते. आतड्याच्या तातीचाही स्वभाव पोलादापेक्षा नायलॉनच्या जवळचा. चौंडक्याला तात का लावतात, याचे कारण मी तोपर्यंत परंपरा एवढेच समजत होतो. पोलादी तार लावलेल्या चौंडक्यावर कोणत्याही मुठीला स्वर सांभाळता आला नसता, हे कागदावरच्या दोन ओळींच्या गणिताने दाखवून दिले. तात म्हणजे आवाज देणारी तार आणि हाताला वाव देणारी स्प्रिंग, दोन्ही एकातच.

मला पोलादी तारेचा लांबणारा, किंचित धारदार नाद सोडायचा नव्हता. नायलॉन लावून पाहिले होते. त्याचा आवाज लवकर विझतो आणि ताणाखाली ते हळूहळू सैल होत राहते, त्यामुळे खालचा सा वाजवता वाजवता उतरत जातो. म्हणून तातीने एकटीने केलेली दोन कामे मी वेगळी केली. वाजण्यासाठी पोलादी तार आणि तिच्यामागे, वाजणाऱ्या भागाच्या पलीकडे, हाताला वाव देण्यासाठी एक स्प्रिंग. दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानातून स्टँडच्या निरनिराळ्या स्प्रिंगा आणल्या, त्या माळ्याच्या तुळईला टांगून किराणा दुकानातली लोखंडी वजने त्यांना अडकवली आणि फूटपट्टीने मोजमाप केले. त्यातली एक स्प्रिंग किलोला साधारण एक मिलिमीटर या हिशेबाने लांबत होती. याचा अर्थ सप्तकभराच्या साडेनऊ किलोंच्या फरकासाठी स्प्रिंग सुमारे दहा मिलिमीटर, तार सव्वादोन मिलिमीटर आणि चामडे स्वतः आत ओढले जाते ते दोन-अडीच मिलिमीटर, अशी एकूण चाल साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास आली. एवढ्या चालीवर काम करता येते.

स्प्रिंग पलीकडे ठेवण्याचा आणखी एक लाभ झाला. तार जिथे आडव्या पट्टीवर टेकून वळते, तिथे तिला फक्त स्वतःच्या ताणाइतके आणि चामड्याच्या हालचालीइतकेच सरकावे लागते. दहा मिलिमीटरची मोठी चाल स्प्रिंगच्या पुढे घडते. त्या पट्टीच्या जागी मी छोटे बॉल बेअरिंग बसवले आणि त्यावर खाच पाडलेली नायलॉनची बांगडी चढवली.

नळ्यासाठी लाकूड सहज मिळाले असते. मिरजेला तून लाकडावर काम करणारे तंतुवाद्यांचे कारागीर आहेत आणि बेळगावहून मिरजेची रेल्वे सरळ आहे. तिथे फरीदसाहेब शिकलगारांपासून एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली सतार-तंबोऱ्याची परंपरा आजही चालू आहे आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु मला माती वापरून पाहायची होती आणि त्यामागे हौसेपलीकडचे एक कारण होते. चौंडक्यात तार चामड्याला नळ्याच्या आतल्या बाजूला ओढते. त्यामुळे ताण वाढेल तसे चामडे नळ्याच्या काठावर अधिकच घट्ट बसते आणि नळ्यावर दाब येतो. भाजलेली माती ओढीला आणि वाकण्याला कच्ची असते, पण दाबाला चांगली टिकते. तार उलट दिशेने, बाहेरच्या बाजूला ओढली असती तर चामडे काठावरून उचलले गेले असते आणि सगळा भार वाद्यांवर, म्हणजे चामडे आवळणाऱ्या चामडी पट्ट्यांवर पडला असता. या बांधणीत मातीच्या वाट्याला तिला झेपणारेच काम येते.

खानापूर कौलांसाठी आणि कुंभारकामासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. तिथल्या एका कुंभारमामांकडे मी कागदावर काढलेले चित्र घेऊन गेलो. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले.

“तळ न्हाई, गळा न्हाई, मग हे मडकं कसलं ओ?”

“मामा, तुणतुण्याचा नळा करायचा आहे.”

“मातीचं तुणतुणं? पडलं की गेलं की ओ.”

एवढे बोलून मात्र त्यांनी पुढचे सगळे स्वतःच सांगितले. काठ जाड ठेवावा लागेल, नाहीतर वाळताना तो लंबगोल होईल. नळा सावलीत वाळवावा लागेल आणि अधूनमधून पालथा करावा लागेल, नाहीतर वरचे तोंड आधी वाळून आकसेल. आणि एकाऐवजी दोन करून घ्यावेत, कारण भट्टीची हमी देता येत नाही. वाळताना आणि भाजताना मिळून माती सुमारे दहा टक्के आकसते, त्यामुळे मला हव्या असलेल्या 25 सेंटिमीटर उंचीसाठी चाकावरचा नळा 28 सेंटिमीटरचा करावा लागला. व्यास भाजल्यावर 15 सेंटिमीटर भरला. त्यांच्या बोटांचे वळे नळ्याच्या आतल्या अंगावर तसेच आहेत. आवाजावर त्यांचा काही परिणाम होत असेल असे मला वाटत नाही, पण ते घासून काढण्याचा विचारही मनात आला नाही.

ही मापे निव्वळ डोळ्यांना बरी दिसली म्हणून घेतलेली नव्हती. एका तोंडाला चामडे आणि दुसरे तोंड उघडे असलेल्या नळ्यातील हवेलाही स्वतःचा एक स्वर असतो; त्या स्वराची तरंगलांबी नळ्याच्या लांबीच्या साधारण चौपट असते. उघड्या तोंडाबाहेरची थोडी हवाही सोबत हलते, तिची भर घालून हिशेब केला की 25 सेंटिमीटरच्या या नळ्यातल्या हवेचा स्वर सुमारे 290 हर्ट्झ, म्हणजे माझ्या खालच्या सा च्या जवळजवळ दुप्पट येतो. हवेने वरच्या सा ला आधार द्यावा, असा माझा बेत होता. प्रत्यक्षात तिने खालच्या सा लाच अधिक आधार दिला. का, ते पुढे येईल.

चामडे बकऱ्याचे घेतले. दिमडीला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत आणि जुने वादक अजूनही त्या आवाजाची आठवण काढतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्यावर तो विषय संपला आणि तो संपला हे बरेच झाले. बकऱ्याचे चामडे भिजवून काठावर ताणले, खाली लोखंडी कडी आणि वर वादी अशा पद्धतीने आवळले आणि वाळल्यावर बरोबर मध्यात बारीक छिद्र पाडले. तार या छिद्रातून जाते आणि बाहेरच्या बाजूला एका पितळी वॉशरला अडते. वॉशर आणि चामडे यांच्यामध्ये जाड चामड्याची गोल चकती आहे, नाहीतर साडेबारा किलोंच्या ओढीखाली वॉशरची कड चामडे कापत जाईल.

बेळगावच्या पावसाळ्यात या चामड्याचे जे होते, ते इथल्या कोणत्याही तबलजीला विचारावे. जून उलटला की हवेतल्या ओलाव्याने ते सैल पडते, तार त्याला अधिक खोल ओढते, स्वरांच्या जागा सरकतात आणि आवाज भिजल्यासारखा होतो. म्हणून पावसाळ्यासाठी मी ढोलकीला लावतात तसा प्लॅस्टिकचा पडदा दुसऱ्या नळ्यावर बसवून ठेवला आहे. त्याचा आवाज कोरडा आहे. पण तो ऑगस्टमध्येही वाजतो.

नळा एका अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीवर बसवला. नळीच्या वरच्या टोकाला बेअरिंग, त्यापुढे स्प्रिंग आणि शेवटी ब्रेकचा दांडा. तार लावली, खालच्या सा चा ताण दिला, नखीने छेडली आणि फोनवरच्या स्वर दाखवणाऱ्या ॲपकडे पाहिले. त्याने 147 ऐवजी 294 दाखवले. ताण पुन्हा मोजला. तो बरोबर होता. कानालाही स्वर वरच्या सप्तकातलाच वाटत होता.

या प्रकाराने मला आठवडेच्या आठवडे गुंतवून ठेवले आणि आता मागे वळून पाहता या वाद्यातला सर्वांत रंजक भाग हाच आहे असे मी म्हणेन. सतारीत किंवा तंबोऱ्यात तार घोडीवरून जाते. ती वरखाली हलली की घोडी आणि तबली तितक्याच वेळा वरखाली हलतात. चौंडक्यात तार चामड्यातून सरळ काटकोनात निघते. अशी तार डावीकडे हलली की तिची वाट किंचित लांबते आणि ताण वाढतो. ती मध्यावर परत आली की ताण कमी होतो. उजवीकडे गेली की ताण पुन्हा वाढतो. म्हणजे तारेच्या एका पूर्ण फेरीत ताण दोनदा वाढतो आणि चामडे दोनदा आत ओढले जाते. तारेने 147 वेळा कंप पावावे आणि चामड्याने 294 वेळा, असा हा व्यवहार आहे. सी. व्ही. रामन कलकत्त्याला सरकारी हिशेब खात्यात नोकरीला असताना फावल्या वेळात ध्वनिशास्त्रावर काम करत असत आणि 1909 मध्ये त्यांनी एकतारीवरच एक लेख लिहिला होता. ज्या वाद्याकडे मैफलीतले लोक वळून पाहत नाहीत, त्याच्याकडे रामन यांच्यासारख्या माणसाने इतक्या लवकर लक्ष दिले होते, हे कळल्यावर माझ्या उद्योगाला घरात थोडी प्रतिष्ठा आली.

या दुप्पटपणाचे आणखीही परिणाम आहेत. ताणातला हा फरक तारेच्या हेलकाव्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून तार दुप्पट जोराने छेडली तर आवाज दुपटीपेक्षा कितीतरी अधिक वाढतो आणि हलक्या हाताने छेडली तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. चौंडके वाजवणारे तात इतकी ठासून का छेडतात, याचे कारण यातच असावे असे मला वाटते. नळ्यातली हवा 290 च्या आसपास बोलते आणि चामडे 294 वर हलते, त्यामुळे खालच्या सा ला हवेचा आधार मिळाला आणि तो सगळ्यांत मोठा वाजू लागला.

मूळ स्वर परत कसा आणावा, याचे उत्तर तुणतुण्याकडे पाहून मिळाले. तुणतुण्याची काठी नळ्याच्या बाहेरच्या अंगाला असते; तार मात्र चामड्याच्या मध्यातून निघते. त्यामुळे तार सरळ वर न जाता तिरपी जाते. तिरप्या तारेची आडवी हालचाल चामड्याला थोडी वरखालीही ढकलते आणि ती हालचाल तारेच्याच गतीने होत असल्यामुळे मूळ स्वर ऐकू येऊ लागतो. मी नळा आणि अॅल्युमिनियमची नळी यांच्यामध्ये बिजागरी बसवली आणि कोन हळूहळू वाढवत गेलो. पाच अंशांवर फारसा फरक कळला नाही. पंधरा अंशांच्या पुढे 147 चा स्वर स्पष्ट झाला आणि वरचे सप्तक त्याच्या पाठीशी चमकीसारखे उरले. कोन फार वाढवला तर तार उघड्या तोंडाच्या काठाला घासते. मी तो घासण्याच्या जरा अलीकडे पक्का केला खरा, पण बिजागरी काढलेली नाही, कारण वाजवता वाजवता कोन बदलला तर स्वर तोच राहून त्याचा रंग बदलतो. चौंडके काखेत धरणारा वादक मनगट जरा तिरके करतो तेव्हा नेमके हेच करत असतो. डोंगरावर एका जोगती मावशींनी मला त्यांचे चौंडके हातात धरू दिले होते. त्यांचे मनगट सारखे फिरत असते ही त्यांची लकब असावी, असे तेव्हा मी मनाशी म्हटले होते.

आता ब्रेक. सायकलच्या ब्रेकच्या दांड्यात बोटे जितकी हलतात त्याच्या साधारण एक चतुर्थांश तार सरकते. त्यामुळे साडेचौदा मिलिमीटरची चाल बोटांच्या सहा सेंटिमीटरच्या जवळ जाते आणि जोरही चौथ्या हिश्श्याने लागतो, म्हणजे वरच्या सा ला जेमतेम तीन किलो. हे सगळे सोयीचे वाटत होते. परंतु ब्रेकची तार ज्या आवरणातून जाते, त्यातले घर्षण या कामाला चालत नाही. ताण वाढवत पंचमावर आलो तर दांडा एका जागी असतो आणि ताण उतरवत पंचमावर आलो तर दुसऱ्या. सायकल थांबवताना हा फरक कोणाला जाणवत नाही. स्वर लावताना तो कानाला टोचतो. आवरण काढून तार सरळ रेषेत ओढली तेव्हा हा दोष जवळजवळ गेला.

त्यानंतर स्वरांच्या जागा मोजल्या आणि एक उलटी गोष्ट दिसली. सतारीवर वरच्या सप्तकाकडे जावे तसे पडदे एकमेकांच्या जवळ येतात. इथे नेमके त्याच्या विरुद्ध घडते. स्प्रिंगमुळे ताण चालीच्या प्रमाणात वाढतो आणि कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाने वाढते. म्हणून खालचे स्वर दाटीवाटीने बसतात आणि वरचे विरळ होत जातात. बोटांची चाल पन्नास मिलिमीटर धरली तर शुद्ध रे सा पासून साडेचार मिलिमीटरवर, ग साडेनऊवर, म तेरावर, प एकवीसवर, ध तिसाच्या जरा अलीकडे, नी बेचाळीसवर आणि वरचा सा पन्नासावर येतो. नी आणि सा यांच्यातले स्वरांतर सा आणि रे यांच्यातल्या अंतराच्या जवळपास अर्धे आहे. तरी दांड्यावर त्याला जवळजवळ दुप्पट जागा मिळते. पेटीवर शिकलेल्या माझ्या बोटांना हे काही केल्या पटेना.

उपाय कारखान्यात रोज डोळ्यांसमोर असतो: कॅम. दांडा सरळ तारेला न जोडता एका चकतीला जोडायचा, तार त्या चकतीच्या काठावर गुंडाळायची आणि चकती गोल न ठेवता तिची त्रिज्या वाढत जाईल अशी कापायची. पाव वर्तुळात एक सप्तक बसवायचे आणि प्रत्येक अर्ध्या स्वराला सारखेच साडेसात अंश द्यायचे असतील, तर चकतीची त्रिज्या सुरुवातीला सुमारे सव्वाचार मिलिमीटर आणि शेवटी सतरा मिलिमीटर हवी. मी ती पितळेच्या जाड पट्टीतून कापून कानशीने आकाराला आणली आणि पंधरा सेंटिमीटरचा लाकडी दांडा तिला बसवला. स्वर खरोखरच सारख्या अंतरावर आले. म सदतीस अंशांवर, प त्रेपन्नच्या जरा अलीकडे. कंपासपेटीतला कोनमापक चिकटवून कोणीही वाजवू शकेल, इतके ते सरळ झाले.

आणि तरीही ते वाजवावेसे वाटेना. कारण शोधायला वेळ लागला, पण ते आकड्यांतच होते. खालच्या सा ला दांड्यावर जेमतेम नव्वद ग्रॅमचा जोर लागत होता आणि वरच्या सा ला चौदाशे ग्रॅमचा; सोळापट फरक. खाली दांडा निर्जीव लोंबत असे आणि हात कुठे आहे हे त्याला पाहिल्याशिवाय कळत नसे. साध्या दांड्यात हा फरक चौपटच असतो आणि स्वर दाटीत असले तरी हाताला तारेचा ताण थेट जाणवतो. माझी समजूत अशी झाली आहे की, या जातीच्या वाद्यात हात अंतरापेक्षा जोर अधिक चांगला ओळखतो. मुठीने तात ओढणारा चौंडक्याचा वादक कोणतीही खूण न पाहता स्वरावर येतो, तो जोराच्या भरवशावर येतो. आणि खुणा सोप्या करण्याच्या नादात मी नेमकी तीच वाट अवघड करून ठेवली होती.

म्हणून सध्याचा कॅम मधल्या वाटेचा आहे. त्याची त्रिज्या चौपट होण्याऐवजी फक्त दुप्पट होते, सुमारे सहापासून सव्वाबारा मिलिमीटरपर्यंत. जोर खालच्या सा ला एकशेतीस ग्रॅम आणि वरच्या सा ला एक किलोच्या आसपास, म्हणजे आठपट. सा ते रे आणि नी ते सा या दोन्ही जागा प्रत्येकी सुमारे अकरा अंशांच्या निघतात. पेटीवाल्याच्या दृष्टीने हे अजूनही वाकडे आहे, पण हात आता डोळे मिटूनही पंचमावर जातो.

बाकीची कामे किरकोळ. स्प्रिंग स्वतःच झणझणत असे; तिच्या आत लोकरीची वात भरल्यावर ती गप्प झाली. सर्व वळणांत तार ज्या एका ठिकाणी तुटते ते म्हणजे वॉशरपाशीचा वेढा. तिथे तार दुहेरी पिळून घेतली की ती बराच काळ टिकते. खालचा षड्ज सतत हवा म्हणून बाजूला दुसरी, न बदलणारी तार लावून पाहिली. पण मुख्य तारेचा ताण वाढला की चामडे आत ओढले जाते आणि या तारेचाही स्वर ढळतो. त्यामुळे ती चामड्यावरून काढून नळ्याच्या काठावर छोटी घोडी बसवून तिथे नेली आहे. तिथे तिचा आवाज बारीक येतो, परंतु स्वर हलत नाही.

शहापुरात गोंधळाच्या मेळ्यात तुणतुणे वाजवणारे एक काका मागच्या दसऱ्यानंतर घरी आले होते. त्यांनी ब्रेकतुणे मांडीवर आडवे घेतले, दांडा थोडा चालवून पाहिला आणि मग तो सोडून देऊन बेअरिंगच्या पलीकडची स्प्रिंगच मुठीत धरून ओढू लागले. त्यातून निघालेली मींड मला दांड्यावर अद्याप साधलेली नाही. “दांडा राहू दे, पण हितं धरायला एक लाकडी मूठ बसवा,” असे त्यांनी सांगितले आहे. खानापूरच्या मामांना आता 40 सेंटिमीटर उंचीचे दोन नळे सांगितले आहेत. त्यांतली हवा हिशेबाप्रमाणे 190 हर्ट्झच्या जरा वर बोलेल, म्हणजे 294 च्या त्या जोरकस सुराशी तिचा मेळ राहणार नाही आणि एकटा खालचा सा बाकीच्या स्वरांपेक्षा मोठा वाजणार नाही. त्यांपैकी एका नळ्यावर दांडा असेल आणि दुसऱ्यावर फक्त मूठ.